आधी भाषा, मग ओळख, शेवटी कॅमेरा

परकी संस्कृती जाणून घ्यायला निघालेले बहुतेक प्रवासी पोहोचल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढतात. माणसांशी ओळख झाली तर होते, आणि भाषा शिकायची राहूनच जाते. हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. चांगले छायाचित्र बहुधा ओळखीतून मिळते आणि ओळखीला निदान चार वाक्यांची तरी भाषा लागते.

तयारी निघण्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू करावी. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या अंदाजानुसार इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना जपानी किंवा अरबी शिकण्यासाठी वर्गातले सुमारे २२०० तास लागतात. पण तो हिशेब कार्यालयीन कामकाजासाठी लागणाऱ्या प्रभुत्वाचा आहे आणि प्रवाशाने त्याने हबकून जाऊ नये. शिवाय मराठी माणसाच्या हाती काही गोष्टी आयत्या असतात. जपानी, कोरियन आणि तुर्की भाषांत क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते, आणि ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतला फरक अंगवळणी पडलेला असल्यामुळे फ्रेंच वा जर्मन भाषेतली आदरार्थी रूपे आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते की शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते. म्हणून नवे वाक्य दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा म्हणावे. वाक्ये मोजकीच निवडावीत: ‘हे काय करता आहात?’, ‘पुन्हा सांगाल का?’, ‘मी तुमचा फोटो काढू का?’ मात्र प्रश्नाबरोबर त्याची संभाव्य उत्तरेही शिकावीत, विशेषतः नकार. विनंती करता येते पण नकार कळत नाही, अशी स्थिती अडचणीची असते.

संबंध जोडताना शब्दांपेक्षा संकेत अधिक चकवतात. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी काही समाजांत बरेचसे म्हणणे न बोलता, संदर्भातून पोहोचवले जाते आणि काहींत ते उघड शब्दांत मांडले जाते, असा भेद केला होता. इराणमधील ‘तआरोफ’ हा शिष्टाचार त्याचा उत्तम नमुना आहे: टॅक्सीचालक भाडे घेण्यास सौजन्याने नकार देतो, तेव्हा आभार मानून उतरून जाणे बरोबर नाही, पुन्हा पुन्हा आग्रह करून पैसे द्यायचे असतात. बल्गेरियात मान डोलावण्याचे अर्थही उलटे असतात. म्हणून शंका आली की अर्थ गृहीत न धरता विचारावे. पहिल्या काही दिवसांचे कौतुक ओसरल्यावर त्याच गोष्टींची चीड येऊ लागते, हेही ठाऊक असलेले बरे. मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये या टप्प्यांचे वर्णन केले आहे. चिडलेल्या दिवशी लिहिलेली मते दोन दिवस तशीच ठेवून मग वाचावीत.

आता कॅमेरा. आधी नियम पाहावेत. हंगेरीत २०१४ मध्ये लागू झालेल्या नागरी संहितेनुसार एखाद्याचा फोटो काढण्यासाठीही सामान्यतः त्याची संमती लागते. जपानमधील क्योतोच्या गिओन भागात पर्यटक गेइकोंच्या (तिथल्या गेशा कलावतींच्या) मागे धावू लागल्यावर २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत छायाचित्रणास मनाई झाली आणि १०,००० येन दंडाचे फलक लागले. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढून घेणे अवमानकारक समजले जाते. अमेरिकेतील होपी या मूलनिवासी समाजाच्या गावांत तर फोटोच नव्हे, रेखाटनही चालत नाही. तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

समजा, एक कुंभार चाकावर बसला आहे. कॅमेरा खांद्यावरच राहू द्यावा, अभिवादन करावे आणि भांडे चाकावरून उतरेपर्यंत नुसते पाहावे. मग पाठ केलेला प्रश्न विचारावा. होकार मिळाल्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावावी, कारण तिच्यासाठी बोलण्याइतके जवळ जावे लागते आणि लांबून चोरून टिपण्याचा मोह आपोआप सुटतो. आधी मातीने माखलेले हात टिपावेत, नंतर अवजारे आणि सर्वांत शेवटी चेहरा; तोवर माणूस सैलावलेला असतो. पडद्यावर फोटो दाखवावा आणि नको म्हटले, तर त्याच्यासमोरच पुसून टाकावा. फोटोसाठी उभे राहणे हाच कोणाचा व्यवसाय असेल, तर पैसे देण्यात गैर काही नाही. फक्त रक्कम आधी ठरवावी. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय बटण दाबू नये.

परतल्यावर मुद्रित प्रत पाठवायची असते, म्हणून पत्ता त्या माणसाकडूनच वहीत लिहून घ्यावा. लिपी परकी असल्यास लिफाफ्यावर त्याच कागदाची प्रत चिकटवता येते. फोटो कुठे प्रसिद्ध करायचा असेल, तर त्याखालचा मजकूर तिथल्या ओळखीच्या व्यक्तीला आधी वाचायला द्यावा, कारण ज्याला आपण विधी समजतो ते पुष्कळदा नेहमीचे काम असते. मजकुरात बदल सुचवला, तर तो करावा. फोटोच मागे घ्यायला सांगितले, तर वाद न घालता मागे घ्यावा आणि तसे केल्याचे त्याच भाषेत कळवावे.