संदर्भसूची नियतकालिकाच्या शैलीत बसवताना

शोधनिबंध पाठवण्यापूर्वी नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यातच, पण त्याच्या ताज्या अंकातील एक लेखही शेजारी उघडून ठेवावा, कारण स्वल्पविराम कुठे आणि तिरपा टाइप कशाला, हे छापील नमुन्यात चटकन दिसते. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असल्यास मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिल्या लेखकाचे आडनाव व ‘आणि इतर’ असे लिहितात, सूचीत मात्र 20 पर्यंत सर्व नावे द्यावी लागतात. व्हॅन्कुव्हर पद्धतीत मजकुरात क्रमांक येतो आणि सूची उल्लेखाच्या क्रमाने लागते.

झोटेरोसारखे संदर्भ साठवणारे सॉफ्टवेअर ही मांडणी क्षणात बदलून देते, परंतु आडनावाच्या रकान्यात पूर्ण नाव पडले असेल किंवा खंड-अंकाची अदलाबदल झाली असेल, तर तीच चूक सूचीत उतरते. म्हणून नोंद जतन करतानाच ती मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहावी. माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, हाताने टंकू नये.

परिच्छेद कापल्यानंतर सूचीत अनाथ नोंदी, म्हणजे मजकुरात उल्लेखच नसलेले संदर्भ, उरतात, तेव्हा शेवटी एकेका आडनावाचा शोध घेऊन मजकूर आणि सूची यांचा मेळ अवश्य घालावा.