लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवताना

सोलापुरातील अनेक घरांत माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या चार-सहा व्हीएचएस कॅसेट अजूनही सापडतात. कुणाचे लग्न, कुणाची मुंज, एखाद्या वर्षीची गड्ड्याची यात्रा असे त्यांत असते. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यात माळ्यावर पत्र्याचे छप्पर असेल तर त्याची धग थेट फितीला सोसावी लागते. शिवाय व्हीसीआर बनवणारी अखेरची जपानी कंपनी फुनाई हिनेही २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले, त्यामुळे आज मिळणारे प्रत्येक यंत्र जुनेच असते. म्हणूनच मी सर्वांना एकच गोष्ट आग्रहाने सांगत असतो: आपली सगळी मेहनत फीत पहिल्यांदा नीट वाचली जाण्यावर खर्च करावी. चित्र सुधारण्याचे काम पुढे दहा वर्षांनीही करता येईल, पण फीत मात्र प्रत्येक वेळी चालवताना थोडी झिजतेच.

सुरुवात योग्य कॅसेट निवडण्यापासून होते. त्या काळी शूटिंगवाले मूळ फितीवरून संकलन करून प्रती काढून देत, आणि एकाच लग्नाची प्रत मुलीकडे, मुलाकडे आणि मुंबई-पुण्याच्या काकांकडेही असे. आपल्या घरची कॅसेट शंभर वेळा पाहिलेली असेल, तर ज्या नातेवाइकांकडे व्हीसीआरच नव्हता त्यांच्याकडची प्रत मागून आणावी, कारण ती बहुधा अधिक चांगल्या अवस्थेत असते. अमेरिकेतून आलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी पद्धतीची, म्हणजे ५२५ रेषांची असण्याची शक्यता आहे. आपल्याकडची पाल पद्धत ६२५ रेषांची आहे, त्यामुळे दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर शोधावा लागतो. हाताळण्यापूर्वी कॅसेटच्या मागच्या कडेचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मोडलेला आहे ना, हे पाहावे. तो शाबूत असेल तर चुकीचे बटण दाबले जाताच जुन्या चित्रणावर नवे मुद्रण होऊ शकते.

त्यानंतर कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड निरखावी. ती काळी आणि एकसारखी चमकणारी असावी. त्यावर पांढुरके ठिपके किंवा पिठासारखा थर दिसला तर ती बुरशी आहे असे समजावे. आपल्याकडची हवा कोरडी असली तरी पावसाळ्यात बंद ट्रंकेत ओल साठतेच. आत्याच्या लग्नाची अशीच एक कॅसेट मी घाईने यंत्रात घातली. चित्र दोन मिनिटांत नाहीसे झाले, आणि बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसल्यामुळे तिच्यानंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटवरही ओरखडे उमटले. तेव्हापासून बुरशी लागलेली कॅसेट मी वेगळी ठेवतो, तोंडाला मुखपट्टी बांधून मोकळ्या जागेत ती साफ करतो आणि त्यासाठी वेगळे, कमी मोलाचे यंत्र वापरतो.

यंत्राची सफाई हा या कामाचा गाभा आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. व्हीसीआरचा वीजपुरवठा तोडून झाकण उघडले की तिरके बसवलेले एक चकचकीत धातूचे ढोलके दिसते. पाल यंत्रात हे ढोलके मिनिटाला १,५०० वेळा फिरते आणि त्याच्या कडेला असलेले अतिसूक्ष्म हेड फितीवरील तिरकस रेघा वाचतात. मऊ चामड्याच्या तुकड्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब घ्यावेत, तो तुकडा ढोलक्याला हलकेच टेकवून स्थिर धरावा आणि दुसऱ्या हाताने ढोलके वरच्या टोकाला धरून सावकाश फिरवावे. तुकडा खाली-वर कधीही घासू नये, कारण हेड त्या दिशेच्या दाबाने सहज मोडते. कापसाचा बोळा तर वापरूच नये, त्याचा तंतू हेडच्या फटीत अडकतो. यंत्रमागांच्या वस्तीत हवेतच सुताचा भुरका असतो, तेथे यंत्र झाकून ठेवणे आणि प्रत्येक चार-पाच कॅसेटनंतर सफाई करणे मला आवश्यक वाटते. ढोलके पूर्ण वाळेपर्यंत कॅसेट घालू नये. पहिल्यांदा तर मनाला न लागणारी, वाया गेली तरी चालेल अशी कॅसेट लावून पाहावी.

वर्षानुवर्षे न चाललेली फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. गुंडाळताना आवाज जड येऊ लागला किंवा यंत्र अडखळले तर तत्काळ थांबावे, जोर लावू नये.

आता जोडणी. व्हीएचएस फितीतून येणाऱ्या प्रत्येक रेषेची वेळ यांत्रिक हेलकाव्यांमुळे किंचित मागेपुढे होते; मांडवाचे उभे खांब लाटेसारखे हलताना दिसतात ते यामुळे. ही वेळ सरळ करणाऱ्या उपकरणाला टीबीसी म्हणतात. स्वतंत्र टीबीसी महाग असतो, पण काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून, उदाहरणार्थ पॅनासोनिकच्या डीएमआर-ईएस१० मधून, चित्र केवळ पुढे पाठवले तरी बराच स्थिरपणा येतो. व्हीसीआरला एस-व्हिडिओची सोय असेल तर पिवळ्या तारेऐवजी तीच वापरावी, कारण तिच्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या मार्गांनी जातात. पुढे व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणारे यूएसबी कॅप्चर उपकरण आणि संगणकावर व्हर्चुअलडबसारखा प्रोग्राम पुरेसा आहे.

पाल कॅसेटची संगणकावरील नोंदणी (कॅप्चर) ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम), इंटरलेस्ड म्हणजे प्रत्येक चौकट दोन अर्धचित्रांत विभागलेल्या स्वरूपात आणि ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर करावी. येथे सर्वांत मोठी चूक म्हणजे थेट एमपी४ मध्ये साठवणे. फितीवरचा बारीक दाणा आणि खरा तपशील यांत तिच्यातील कोडेक, म्हणजे चित्र दाबून फाइल लहान करणारी पद्धत, फरक करू शकत नाही आणि दोन्ही पुसून टाकतो. त्याऐवजी हफवाययूव्हीसारखा काहीही न गमावणारा कोडेक घ्यावा. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांच्या ई-१८० कॅसेटसाठी १०० जीबीच्या आसपास मोकळी जागा ठेवावी. वीज मध्येच गेली तर संगणक बंद पडून सगळी नोंदणी वाया जाऊ शकते, म्हणून संगणक आणि व्हीसीआर दोन्ही यूपीएसवर असावेत. नोंदणी सुरू असताना गळालेल्या चौकटींचा आकडा पाहत राहावे. तो वाढत असेल तर आवाज आणि ओठ यांचा मेळ सुटतो.

उजेडाची पातळी ठरवताना चित्रातील सर्वांत पांढरा भाग शोधावा. यात्रेचे चित्रण असेल तर नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदी अंगरख्याइतकी चांगली कसोटी नाही. कापडाच्या चुण्या दिसत असतील तर पातळी योग्य आहे. सगळे एकसंध पांढरे झाले असेल तर कॅप्चर उपकरणाचा ब्राइटनेस व कॉन्ट्रास्ट कमी करून तो भाग पुन्हा घ्यावा. नोंदणीतच गमावलेला हा तपशील नंतरच्या कोणत्याही प्रक्रियेने परत मिळत नाही.

हेडला फितीवरील रेघांवर नेमके आणणारे व्हीसीआरचे ट्रॅकिंगचे बटण प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने लावावे. चित्राच्या तळाशी दिसणाऱ्या काही विस्कटलेल्या रेषा मात्र दोष नव्हेत, त्या हेड बदलण्याच्या जागी प्रत्येक व्हीएचएसमध्ये असतात. त्या काळ्या पट्टीने झाकाव्यात.

सुधारणेसाठी मूळ फाइलची प्रत घ्यावी, मूळ फाइलला हात लावू नये. अ‍ॅव्हीसिंथ या प्रोग्राममधील क्यूटीजीएमसी ही पद्धत वापरून सेकंदाला ५० अर्धचित्रांच्या ५० पूर्ण चौकटी केल्या की मिरवणुकीतील हालचाल मूळ टीव्हीवर दिसे तशी सलग राहते. रंगाचा सांडलेपणा आणि दाणा थोडाच कमी करावा. चेहरे मेणासारखे गुळगुळीत होऊ लागले की मागे यावे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे ठसठशीत करणारे प्रोग्राम मिळतात, पण मी ते लग्नाच्या चित्रणावर वापरत नाही. फितीत जो चेहरा वीस-पंचवीस ठिपक्यांचाच आहे, त्याला हे प्रोग्राम अंदाजाने डोळे-नाक देतात, आणि आजीच्या जागी दुसरीच कुणी बाई दिसू लागते. घरच्यांना मोबाईलवर पाठवण्यासाठी ४:३ प्रमाण राखून एमपी४ करावी. बाजूला ताणून पडदा भरण्याचा मोह टाळावा.

मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी. कॅसेटही टाकून देऊ नयेत. त्या उभ्या, माळ्याऐवजी घराच्या सर्वांत थंड खोलीत ठेवाव्यात. शेवटी, घरातील थोरांना शेजारी बसवून चित्रण दाखवताना प्रत्येक पंगतीत कोण कोण बसले आहे हे मिनिट-सेकंदासह एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून घ्यावे आणि ती फाइल त्याच नावाने व्हिडिओशेजारी ठेवावी. आत्याने अडीच तासांच्या कॅसेटमधील ६३ जणांची नावे मला सांगितली. त्यांतील निम्म्या लोकांना आमच्या पिढीत ओळखणारे दुसरे कुणी नव्हते.