पडदा जुळला म्हणजे यश? कानाच्या संशोधनातील या चुका टाळा

कान-नाक-घसा विभागातील पदव्युत्तर प्रबंधांमध्ये टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया, हा विषय इतक्या वेळा निवडला जातो की त्यातील चुकाही जणू ठरून गेल्या आहेत. त्यांपैकी सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ‘यश’ कशाला म्हणायचे हे पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून न ठेवणे. ग्राफ्ट, म्हणजे पडद्याच्या छिद्रावर लावलेला ऊतींचा तुकडा, धरला, पण ऐकू येण्यात फरक पडला नाही, तर त्या रुग्णाची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हा प्रश्न मास्टर चार्ट (सर्व रुग्णांच्या नोंदींचा तक्ता) भरताना पडला, तर उत्तर नकळत निकालाच्या सोयीचे निघते. म्हणून ग्राफ्टची स्थिती आणि श्रवणक्षमता यांचे निकष वेगवेगळे ठेवावेत आणि ते कितव्या महिन्यात तपासणार, हे सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे प्रबंधाच्या आधी द्यायच्या आराखड्यातच, नमूद करावे.

दुसरी चूक एअर-बोन गॅपच्या, म्हणजे हवेतून आणि कवटीच्या हाडातून ऐकू येणाऱ्या किमान आवाजाच्या पातळ्यांमधील फरकाच्या, हिशेबात होते. शस्त्रक्रियेनंतरच्या हवेच्या वहनातून शस्त्रक्रियेपूर्वीचे हाडाचे वहन वजा करण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. समजा, हाडाची पातळी आधी 20 डेसिबल होती आणि नंतर ती 15 झाली. हवेची पातळी नंतर 25 आली. खरा गॅप 10 डेसिबलचा आहे, पण जुना आकडा वापरल्यास तो 5 दिसतो. दोन्ही आकडे शस्त्रक्रियेनंतरचेच घ्यावेत, असे कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अमेरिकन अकॅडमीच्या 1995 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र केवळ गॅपवर विसंबणेही धोक्याचे आहे, कारण आतील कानाला इजा होऊन हाडाची पातळी 25 वर आणि हवेची 30 वर गेली, तरी गॅप 5 चाच राहतो आणि कागदावर रुग्ण सुधारलेला दिसतो. त्यामुळे हाडाच्या वहनातील बदल स्वतंत्रपणे द्यावा लागतो. याच सूचनांनुसार सरासरीसाठी 500, 1000, 2000 आणि 3000 हर्ट्झ या वारंवारिता लागतात, तर आपल्याकडील बहुतेक ऑडिओग्राममध्ये (श्रवणचाचणीच्या आलेखात) 3000 तपासलेलेच नसते. ऑडिओलॉजिस्टशी पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. ते राहून गेले असेल, तर 2000 आणि 4000 यांची सरासरी त्या जागी वापरून तसे स्पष्ट लिहावे.

फॉलोअपला न आलेल्या रुग्णांना हिशेबातून गाळणे ही चूक तर सर्रास आढळते. 60 रुग्णांपैकी 40 परत आले आणि त्यांतील 36 जणांचा पडदा जुळला, तर 90 टक्के यश लिहिले जाते. न आलेल्या सर्वांना अपयशी धरल्यास तोच आकडा 60 टक्क्यांवर येतो. दोन्ही आकडे छापावेत, म्हणजे अनिश्चितता किती आहे हे वाचकाला कळते. ग्रामीण भागातील रुग्णाला पेरणीच्या दिवसांत तपासणीची तारीख देणारा संशोधक ही गळती स्वतःच ओढवून घेतो, हेही सांगायला हवे.

नाक आणि चेहऱ्याच्या अभ्यासांत चुका मोजपट्टीच्या असतात. नाक चोंदण्याचा त्रास मोजणाऱ्या नोज प्रश्नावलीच्या पाच उत्तरांची बेरीज 20 पर्यंत जाते, तिला पाचाने गुणून 100 पैकी गुण काढतात. न गुणलेले आकडे इतरांच्या निकालाशी ताडून पाहणे निरर्थक आहे. सायनसच्या सीटी स्कॅनसाठीच्या लुंड-मॅके गुणांकनात ऑस्टिओमिएटल भागाला (जिथून सायनसचा निचरा होतो) 0 किंवा 2 च देता येतात, 1 नाही. बेल्स पाल्सीत, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूच्या अचानक येणाऱ्या लकव्यात, तुलनागट नसेल, तर औषधाने बरे झाले की आपोआप, हे कळतच नाही: 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील 551 रुग्णांच्या चाचणीत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड न घेतलेल्यांपैकीही 81.6 टक्के नऊ महिन्यांत बरे झाले होते, घेतलेल्यांपैकी 94.4 टक्के.

शेवटची बाब नोंदणीची. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया 1 एप्रिल 2018 पासून चाचण्यांची नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच स्वीकारते. ती तारीख हुकली असेल, तर रुग्णभरतीची तारीख पुढे ढकलून दाखवण्याचा मोह टाळावा. संमतीपत्रांवरील तारखा ते उघड करतात. त्यापेक्षा एथिक्स कमिटीला लेखी कळवून शोधनिबंधात नोंदणी झाली नसल्याचे सरळ लिहावे, मग काही नियतकालिके तो नाकारणार असली तरीही.