शनिवारी रात्री झोळी भरताना: पुण्याभोवतीचे पाणवठे आणि गळाची तयारी

यादीतली पहिली वस्तू गळ नाही, वही आहे. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. सोबत शिसपेन्सिल, कारण दमट कागदावर बॉलपेन रुसतं. या वहीत माशाचं वजन लिहायचं नाही. तारीख, पाणवठा, आमिष आणि तिथल्या माणसाने सांगितलेलं माशाचं नाव, एवढंच. मी बरीच वर्षं एकाच धरणाच्या काठी, एकाच दगडावर बसून चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) काढत होतो आणि पुण्याभोवती मासा म्हणजे चिलापीच, अशा ठाम समजुतीत होतो. दगड सोडला तेव्हा समजूत सुटली. गेल्या खेपेपर्यंत वहीत एकोणतीस नावं होती. त्यातली दोन-तीन एकाच माशाची असण्याची दाट शंका होती. ते पुढे येईलच.

पुण्याच्या पाण्यात नावं शोधणारे आपण काही पहिले नाही. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली आणि इथली मराठी नावंच लॅटिनात बसवून टाकली. दख्खनी महसीरला १८३९ मध्ये त्याने ‘खुद्री’ नाव दिलं, तेही पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. शिंगटीचं मिस्टस सींगटी, बोगटाचं लाबिओ बोगट, मल्याचं गारा मुल्या, कोळशीचं हिप्सेलोबार्बस कोलस. शास्त्रीय नावं पाठ करायला आपल्याइतकं सोपं कुणालाच नसेल. पण ज्या मुळा-मुठेने जगाला खुद्री दिला तिथे आज नाकाला रुमाल लावून उभं राहावं लागतं, आणि गळाला लागली तर चिलापी लागते, नाहीतर थाई मांगूर. शहराखालच्या नदीतला मासा वहीत लिहा, ताटात घेऊ नका.

आठवडाभर आधी नकाशा घेऊन बसा. साधा रस्त्यांचा नकाशा नव्हे, उपग्रहाची छायाचित्रं. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं पाहता येतात. त्यातलं एप्रिल-मे मधलं एखादं काढा. पावसाळ्यानंतर सगळीच नदी भरलेली दिसते आणि काहीच कळत नाही. मे महिन्यात वाळू आणि खडक उघडे पडलेले असताना जिथे काळपट हिरवं पाणी टिकून आहे, तो डोह. उन्हाळाभर मासा तिथेच दम धरतो आणि पहिल्या पुरात तिथूनच पसरतो. असे डोह सापडले की त्यांच्या वर-खाली एक-दोन किलोमीटरमध्ये काय आहे ते बघा: एखादा ओढा मिळतो का, बंधारा आहे का, जवळपास पाझर तलाव आहे का. एका सकाळी तीन प्रकारची पाणी गाठता आली, तरच जाती वाढतात. एका पाण्यावर दिवसभर बसून फक्त संख्या वाढते.

तीन प्रकारांत पहिला ओढा, कारण तो सगळ्यात दुर्लक्षित. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, वेळवंडीवर भाटघर. या धरणांच्या वरच्या अंगाला सह्याद्रीतून उतरणारे ओढे असतात. पाणी घोट्याएवढं, तळ दिसतो, आणि आपल्याला वाटतं इथे काय असणार. दहा मिनिटं न हलता बसा. दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मल्या दिसेल, गोट्यांच्या फटीत पट्ट्यापट्ट्यांचा मुरा, आणि उथळ पाण्यात चमकत फिरणाऱ्या खवल्या नि डांडया. मल्या गळाला फार क्वचित येतो. तो आला त्या दिवशी मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. यासाठी सगळ्यात बारीक गळ लागतो, अठरा किंवा वीस नंबरचा (आकडा मोठा तितका गळ लहान, हे दुकानात हमखास उलटं होतं), आणि त्यावर मोहरीएवढा कणकेचा ठिपका. बोटाएवढा मासा धरून काय करणार, असं विचारणारा मित्र असेल तर त्याला धरणावर सोडून पुढे जा.

दुसरं पाणी म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नीरा, भीमा, कऱ्हा, कुठल्याही नदीच्या कडेने गेलात तरी भेटतो. पाऊस ओसरल्यावर त्यात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. बर्गे घातले की वरच्या अंगाला संथ, खोल पाणी तयार होतं आणि खालच्या अंगाला फटींतून गळणारं फेसाळ पाणी. त्या फेसात हवा जास्त, वाहत आलेलं खाणं जास्त, म्हणून मासाही जास्त. शिंगटी, शिंगाळा, दगडाच्या कपारीत लपलेली वाम, सगळी मंडळी थोड्याशा जागेत. वाम अंधार पडता पडता तळाशी टाकलेल्या काडूवर, म्हणजे गांडुळावर, येते आणि लागल्याबरोबर कपारीत शेपूट अडकवून बसते; ओढाताण केली तर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तुटतं, सैल सोडून दोन मिनिटं थांबलात तर ती आपणहून निघते.

अशाच एका बंधाऱ्यावर नीरेकाठी पहाटे एक भोई मामा जाळं झाडत होते. मी आपला रॉड उघडून लगबगीने जागा धरायला लागलो, तर ते शांतपणे म्हणाले, “बसा की पाव्हणं. पण त्या खुंटीच्या पल्याड आपलं जाळं हाय, तिकडं नका टाकू.” मी विचारलं, “मामा, इथं काय काय मिळतं?” त्यांनी हाताच्या बोटांवर मोजत अकरा नावं सांगितली. त्यातली पाच मी कधी ऐकली नव्हती. तेव्हापासून झोळीत चहाचा थर्मास आणि दोन जादा कप हे कायमचे. नदीवर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास रॉड बाहेर काढायचाच नाही. चहा ओतायचा आणि विचारायचं. आणि जाळं कुठे आहे ते विचारणं हा शिष्टाचार नव्हे, त्या माणसाच्या रोजीचा प्रश्न आहे.

तिसरं, उभं पाणी: गावतळी, पाझर तलाव, जुन्या विहिरी. इथला राजा मरळ. पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसतो, हवा घ्यायला मधूनच वर येतो आणि तेवढ्यात जागा सांगून जातो. चालटही असाच वर येऊन घोट घेतो, सुरीच्या पात्यासारखा चपटा. मरळीचा धाकटा भाऊ डोकऱ्या भातखाचरात, डबक्यातसुद्धा निघतो. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून जा. पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा पुंजका हलताना दिसला तर त्याखाली मरळीची जोडी राखण करत असते. तेव्हा ती समोर येईल त्यावर झडप घालते, म्हणून पकडायला सोपी. ती गेली की पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात. तिथे गळ गुंडाळायचा.

धरणाबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुम्ही आधीच जात असणार. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी, एवढं लक्षात ठेवून गळाची खोली बदलत राहा. उजनीचा फुगवटा भिगवणच्या बाजूने रेल्वेनेही गाठता येतो. तिथे चिलापीचं राज्य आहे आणि आता तोंडाने चिकटणारा, अंगावर चिलखत असलेला परदेशी सकरही जाळ्यांत येतो. तो गळाला क्वचितच लागेल, पण लागला तर परत पाण्यात सोडू नका. एरवी प्रत्येक मासा सोडणारा मी हा एक अपवाद करतो.

परवानगी ही वस्तू झोळीत मावत नाही, तरी यादीत वरच्या ओळीत हवी. बरेच पाटबंधारे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यात बीज त्यांनी सोडलेलं असतं, म्हणजे मासा त्यांचा. संस्थेच्या माणसाला किंवा राखणदाराला आदल्या दिवशी गाठा. बहुतेक जण गळाला नाही म्हणत नाहीत, न विचारता टाकलेल्या गळाला मात्र जरूर म्हणतात. शेततळं असेल तर शेतकऱ्याला विचारा. अभयारण्याच्या हद्दीत आणि पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर मनाईची पाटी असेल तिथे हुज्जत नको. सुरुंगाची कांडी फोडणं किंवा पाण्यात विष कालवणं हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असं काही दिसलं तर त्या पाण्यावर थांबू नका, मेलेले मासे वेचून खाऊ तर अजिबात नका. आणि देवाचे डोह. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत महसीरला कुणी हात लावत नाही, लोक कुरमुरे टाकून हात जोडतात. देहूच्या डोहालाही तोच मान. तिथे रॉड गाडीतच राहू द्या. पण जा जरूर, कारण कुरमुऱ्यावर झेपावणारा हातभर लांबीचा महसीर एवढ्या जवळून दुसरीकडे बघायला मिळणं कठीण.

हंगामाचं म्हणाल तर जून-जुलैत मी घरी बसतो. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर धावणारे चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. गावाकडे ते धरण्याची जुनी हौस आहे, माझेच चुलते पोत्याने आणायचे, त्यामुळे मी कुणाला उपदेश करत नाही, माझ्यापुरतं सोडलंय. ऑक्टोबरअखेर पाणी निवळलं, बर्गे बसले की माझा मोसम सुरू. डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत मासा सुस्त, ऊन वर आल्यावरच हलतो. एप्रिल-मेमध्ये उजाडताना दोन तास. नंतर तापलेल्या पाण्यात त्याचाही जीव गुदमरतो.

आता सामान. सहा-सात फुटांचा हलका रॉड आणि साधं रीळ पुरे. ओढ्यासाठी मात्र बांबूची कामटी रॉडपेक्षा बरी. तंगूस दोन जाडीचं: चिमुकल्यांसाठी केसासारखं, मरळ आणि शिंगाळ्यासाठी जाड, कारण पहिला वेलीत शिरतो आणि दुसरा ताकदीचा. शिशाचे मणी, तरंगायला बुचाचा तुकडा. गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे चिमट्याने दाबून टाका, मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही आणि तुमचं बोटही वाचतं. टोकदार पक्कड विसरू नका. शिंगटीच्या कल्ल्यामागचे आणि पाठीवरचे काटे एकदा घुसले की संध्याकाळपर्यंत हात ठणकतो. तिला मागून, काट्यांच्या खाचेत बोटं घालून धरायचं. लहानसं पारदर्शक प्लॅस्टिकचं खोकं घ्या. पाणी भरून त्यात मासा दोन मिनिटं ठेवला की पर, ठिपके, मिशा सगळं फोटोत स्पष्ट येतं आणि मासा जिवंत परत जातो.

आमिष आदल्या रात्रीचं. शेणखताच्या उकिरड्यातले काडू ओलसर मातीसकट डब्यात, झाकणाला भोकं. कणीक, शेंगपेंड आणि चिमूटभर हिंग एकत्र मळून घट्ट गोळा. घरातल्यांचं हिंग वापरणार असाल तर आधी सांगा. काठावर मिळाले तर नाकतोडे आणि झिंगे. जिवंत मासा आमिष म्हणून एका पाण्यातून दुसऱ्यात नेऊ नका; नको ते मासे नको त्या तळ्यात पोहोचवायला एवढंही पुरतं.

जीव सांभाळण्याच्या दोनच ओळी, पण त्या वगळू नका. धरणाखालच्या नदीत पाणी सोडण्याचा भोंगा ऐकू आला की सामान तिथेच टाकून वर चढायचं. आणि आवर्तन (शेतीला पाणी सोडण्याची पाळी) चालू असलेल्या कालव्याच्या उतरत्या काँक्रीटवर उतरायचं नाही. मी एकदा चपलेसह घसरत कमरेपर्यंत गेलो होतो. शेवाळावर हाताला धरायला काही नसतं, आणि मला वर ओढणाऱ्या गुराख्याच्या पोराने मग तासभर माझी चेष्टा केली. खाणीतल्या पाण्यापासून तर लांबच राहा, त्याला काठ नसतो.

वहीतली ती दोन-तीन संशयित नावं. एकाच रुपेरी, चपट्या माशाला मला नीरेकाठी एक नाव मिळालं, भोरच्या बाजूला दुसरं, भीमेवर तिसरं. साइक्सने अशा वेळी काय केलं असेल कोण जाणे. कृष्णेच्या खोऱ्यात एक मासा दुसऱ्यांची खवलं ओरबाडून खातो, त्याला लोक खवलचोर म्हणतात आणि शास्त्रानेही १९५२ मध्ये तेच नाव ठेवलं. असं चोख नाव मिळालं तर प्रश्नच नाही. माझा रुपेरी मासा तेवढा नशीबवान नाही. म्हणून परतीच्या वाटेवर मी मंडईत थांबतो. तिथल्या मावशी हात पुसून फोन घेतात, फोटो मोठा करतात, पर मोजतात. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या, “हे तीनबी एकच हाय रं. पर हा दुसरा फोटू… ह्याचं तोंड खाली वळलंय, बघ.” मी घरी येऊन खोडरबर शोधला, दोन नावं पुसली, आणि दुसऱ्या फोटोपुढे प्रश्नचिन्ह काढून अठ्ठाविसावा आकडा घातला.