शिक्षा पूर्ण झालेल्या बंद्याला पुन्हा स्थानबद्ध केल्यास कुटुंबीयांनी काय करावे

दहशतवादी कृत्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेला बंदी ठरलेल्या तारखेला नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातून बाहेर आला नाही, तर दारात थांबलेल्या नातेवाइकांनी अधीक्षकांच्या कार्यालयात पहिला प्रश्न एकच विचारावा: त्याला आता कोणत्या कागदावर ठेवले आहे? माणूस धोकादायक वाटतो एवढ्याच कारणावरून, संपलेल्या शिक्षेला जोडून त्याचा कारावास लांबवण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये तशी तरतूद केली; तेथे सरकारच्या अर्जावर राज्याचे वरिष्ठ न्यायालय एका आदेशाने तीन वर्षांपर्यंत स्थानबद्धता देऊ शकते आणि धोका पटवून देण्याचे ओझे सरकारवर असते. आपल्याकडे हे काम प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या, म्हणजे पुढे विघातक कृत्य करील या शक्यतेवरून माणसाला खटल्याशिवाय अडकवून ठेवण्याच्या, कायद्यांनी होते. त्यात आदेश न्यायालय देत नाही, प्रशासन देते. मात्र तो आदेश स्वतंत्र असावा लागतो, लेखी असावा लागतो आणि त्यानुसार ताबा घेतल्या दिवसापासून सरकारवर मुदतींची बंधने सुरू होतात. पुढचे सारे मार्गदर्शन या मुदती पाळल्या गेल्या की नाही, हे तपासण्यापुरतेच आहे.

तत्पूर्वी साधी कारणे वगळून घ्यावीत. दंड भरलेला नसेल, तर त्याबदल्यातील वाढीव कारावास बाकी असतो आणि रक्कम भरताच तो थांबतो. दुसऱ्या एखाद्या खटल्यात जामीन झालेला नसेल, तर त्या न्यायालयाचे वॉरंट कारागृहाकडे असते. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा व्हायला हवेत; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे ती वजावट झाली आहे का, हे निकालपत्र हाती घेऊन स्वतः मोजावे. जन्मठेपेचा हिशेब मात्र वेगळा आहे. चौदा वर्षे भरली की जन्मठेप आपोआप संपते हा समज चुकीचा असून, सरकारने माफी दिल्याशिवाय ती संपत नाही. हिशेब पूर्ण होऊनही कोणताच कागद दाखवला जात नसेल, तर ती सरळसरळ बेकायदा कैद होय. छत्तीसगडमध्ये सात वर्षांची शिक्षा झालेल्या एका बंद्याला दहा वर्षांहून अधिक काळ आत ठेवले गेले, तेव्हा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला साडेसात लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले होते.

कागद स्थानबद्धतेचा असेल, तर तो बहुधा १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालचा किंवा आपल्याकडे एमपीडीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, धोकादायक कृत्यांना आळा घालण्यासाठीच्या महाराष्ट्राच्या १९८१ च्या कायद्याखालचा असतो. दोन्हींत कमाल मुदत एक वर्षाची आहे. नाशिक शहराच्या हद्दीत आदेशावर सही पोलीस आयुक्तांची असते. मालेगाव, सिन्नर, निफाड अशा ग्रामीण हद्दीत ती जिल्हाधिकाऱ्यांची असते. राज्य सरकारही थेट आदेश काढू शकते आणि राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली केंद्र सरकारलाही तो अधिकार आहे. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणाच्या सहीने आणि कोणत्या तारखेला आदेश निघाला, हे चार तपशील वहीत पहिल्या पानावर लिहावेत. आदेशाची तारीख आणि तो बंद्याच्या हाती पडल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही लिहाव्यात.

त्यानंतर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याप्रमाणे दिवस मोजावेत. स्थानबद्धतेची कारणे सामान्यतः पाच दिवसांत बंद्याला कळवावी लागतात. आयुक्तांनी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी काढलेला आदेश राज्य सरकारने बारा दिवसांत मंजूर केला नाही, तर तो सर्वसाधारणपणे टिकत नाही. कारणे कळवायला उशीर झाला असेल, तर ही मुदत पंधरा दिवसांची होते. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे, म्हणजे स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे तपासणाऱ्या मंडळाकडे, जावे लागते आणि ताब्याच्या तारखेपासून सात आठवड्यांत मंडळाचा अहवाल यावा लागतो. पुरेसे कारण नाही असे मंडळाने म्हटले, तर सरकारला बंद्याला सोडावेच लागते. एमपीडीएची मांडणी याच धर्तीची असली, तरी वकिलांकडून त्या कायद्याची कलमे समोर ठेवून मुदती वेगळ्या तपासून घ्याव्यात.

कारणांचा कागद इंग्रजीत देऊन तोंडी समजावून सांगितले, एवढ्याने भागत नाही. बंद्याला जी भाषा वाचता येते त्या भाषेत कारणे आणि ज्या कागदांवर ती बेतली आहेत ते कागद त्याला मिळाले पाहिजेत. हा नियम पक्का करणारा १९६२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रातल्याच हरिकिसन नावाच्या स्थानबद्धाच्या प्रकरणातला आहे. त्यामुळे भेटीच्या वेळी त्याला नेमके काय वाचता येते, मराठी, उर्दू की हिंदी, आणि प्रत्यक्षात काय दिले गेले, हे विचारून घ्यावे. सरकार जाहीर करणे लोकहिताचे नाही असे सांगून काही माहिती राखून ठेवू शकते, पण कारणेच राखून ठेवू शकत नाही.

निवेदन, म्हणजे आदेशाविरुद्ध बंद्याचे लेखी म्हणणे, देण्यात उशीर करू नये. ते बंद्याच्या सहीने कारागृहामार्फत पाठवावे, त्यावर पोच घ्यावी, आणि ते आदेश काढणारा अधिकारी, राज्य सरकार व सल्लागार मंडळ या तिघांना स्वतंत्रपणे द्यावे. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखालील आदेश असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयालाही द्यावे. राज्याची मंजुरी येईपर्यंत खुद्द आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही निवेदन करता येते आणि हा हक्क बंद्याला सांगितलाच गेला नाही, तर आदेश रद्द होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली संतोष शंकर आचार्य यांच्या एमपीडीएच्या प्रकरणात ठरवले आहे. आलेल्या निवेदनावर सरकारने विनाविलंब निर्णय घ्यायचा असतो. फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होती याचा खुलासा सरकारला न्यायालयात करावा लागतो आणि अनेक आदेश याच ठिकाणी कोसळले आहेत. कंटाळवाणे वाटले, तरी प्रत्येक पोचपावती जपण्याचे कारण हेच आहे.

निवेदनात काय लिहावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: मूळ खटला पुन्हा लढवू नये. त्या गुन्ह्याची शिक्षा भोगून झाली आहे आणि त्या स्फोटात किंवा कटात ज्यांनी माणसे गमावली त्यांच्यापुढे तो वाद उकरून काढण्यात ना लाभ आहे ना शोभा. प्रश्न पुढच्या काळाचा आहे. कोठडीत असलेल्या माणसाविरुद्ध आदेश काढायचा, तर तीन गोष्टी लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या कमरुन्निसा प्रकरणात सांगितले: तो कोठडीत आहे याची अधिकाऱ्याला जाणीव असणे, तो सुटण्याची खरीखुरी शक्यता असणे, आणि सुटल्यावर तो विघातक कृत्य करील असे मानायला विश्वसनीय आधार असणे. जामिनावर सुटणाऱ्याच्या प्रकरणात वाद बहुधा दुसऱ्या मुद्द्यावर होतो. येथे सुटकेची तारीख कारागृहाच्या नोंदवहीतच असल्याने दुसरा मुद्दा सरकारला सहज सिद्ध करता येतो आणि सारा भार तिसऱ्यावर येतो. म्हणूनच आधार म्हणून केवळ जुनी दोषसिद्धी दाखवली आहे, की तुरुंगातील वर्तन, पत्रव्यवहार, भेटी यांतून काही नवे पुढे आले आहे, हे ओळ न् ओळ वाचून पाहावे. शिळ्या झालेल्या घटनांवर स्थानबद्धता उभी राहू शकत नाही, हे २०१९ मध्ये तेलंगणातील खाजा बिलाल अहमद प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले. कारागृहातील चांगल्या वर्तणुकीची नोंद, तेथे शिकलेले काम, दिलेल्या परीक्षा, बाहेर राहण्याची व रोजगाराची सोय, हे सारे कागद निवेदनाला जोडावेत. उलट, नवा आणि ठोस आधार खरोखरच असेल, तर तो दडवून केलेले निवेदन मंडळापुढे क्षणभरही टिकत नाही.

सल्लागार मंडळ तिघांचे असते व त्याचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती असतात. बंद्याने मागणी केली, तर मंडळाला त्याचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकावे लागते. ही मागणी निवेदनातच लिहावी. वकील नेण्याचा हक्क तेथे नाही. तरीही वकील नसलेला मित्र किंवा नातेवाईक मदतीला नेता येतो, आणि सरकारने कायदेतज्ज्ञ उभा केला तर बंद्यालाही वकील द्यावा लागतो, असे १९८१ च्या ए. के. रॉय निकालात म्हटले आहे. घरातील शांत बोलणारी व्यक्ती यासाठी निवडावी. संतापणाऱ्या थोरल्या काकांना घरीच ठेवलेले बरे.

उच्च न्यायालयात जाण्यासाठी मंडळाच्या अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही. नाशिक जिल्ह्यातील आदेशाला मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठापुढे फौजदारी रिट याचिकेने, म्हणजेच बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (कैद बेकायदा असेल तर सोडून देण्याच्या) मागणीने, आव्हान देता येते आणि ही याचिका आई, पत्नी, भाऊ यांपैकी कोणीही करू शकते. वकिलाची फी झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुंबईला जाताना आदेश, कारणे, पोचपावत्या आणि तारखांची वही यांच्या दोन-दोन प्रती सोबत घ्याव्यात.

बाहेर आल्यानंतरच्या देखरेखीचे नियमही कागदावरच तपासावेत. पुन्हा दोषी ठरलेल्या ठरावीक गुन्हेगारांना शिक्षेनंतर पाच वर्षांपर्यंत राहत्या पत्त्याची आणि त्यातील बदलाची माहिती देण्यास न्यायालय बांधून घालू शकते. पण तसा आदेश शिक्षा सुनावतानाच व्हावा लागतो आणि तो निकालपत्राच्या शेवटी दिसतो. कार्यकारी दंडाधिकारी चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र मागू शकतात, त्यासाठी आधी नोटीस आणि चौकशी आवश्यक असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारी दोन वर्षांपर्यंतची असू शकते. तिच्याआधी आरोपांचे स्वरूप लेखी कळवून म्हणणे ऐकावे लागते आणि आदेशानंतर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. पोलीस ठाण्यात दर आठवड्याला हजेरी लावण्यास तोंडी सांगितले गेले, तर वाद न घालता तो आदेश कोणत्या कलमाखाली आहे हे लेखी मागावे, अर्जाची पोच घ्यावी आणि तीही त्याच वहीत लावून ठेवावी.

पहिला आदेश रद्द झाला किंवा त्याची मुदत संपली, तरी दुसरा आदेश काढण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली नव्या घटना घडलेल्या नसतील, तर एकूण काळ पहिल्या ताब्यापासून बारा महिन्यांच्या पुढे जात नाही. म्हणून सुटकेनंतरही वही बंद करू नये आणि तिच्या पहिल्या पानावरील ताब्याची तारीख कधीही खोडू नये.