रिंगस्टेड आणि सोरो: मंक (ख्रिस्ती मठवासी) लोकांच्या विटा आणि भट्ट्या बघायला कसं जायचं

डेन्मार्कमधली मध्ययुगीन वीटभट्टी बघायची असेल तर आधी एक ऐका, थेट भट्टीच्या खड्ड्याकडे जाऊ नका. आधी तिथून निघालेल्या विटा जिथे लागल्यात ती भिंत बघा आणि मग भट्टी. उलट केलंत तर समोर फक्त लाल झालेली माती आणि अर्ध्या पडलेल्या भिंती दिसतील, पाच मिनिटांत कंटाळा येईल, आणि हा विषय खरंच कंटाळा यावा असा नाहीये.

कोपनहेगनहून सोपं पडतं. स्लागेल्से, ओडेन्सेकडे जाणाऱ्या लाईनवर आधी रिंगस्टेड येतं आणि पुढे सोरो, दोन्ही एका दिवसात आरामात होतात, फक्त फास्ट ट्रेन पकडू नका, ती सगळीकडे थांबत नाही, ट्रेन-बसच्या वेळा दाखवणाऱ्या रेयसेप्लानेन ॲपवर बघून निघा. रिंगस्टेडला स्टेशनवरून चर्चपर्यंत चालत जाता येतं. सोरोचं स्टेशन मात्र गावाबाहेर, साधारण दोन किलोमीटरवर आहे, तेव्हा बस बघा नाहीतर अर्धा तास चालायची तयारी ठेवा. निघण्याआधी दोन्ही चर्चच्या वेबसाईटवर वेळा नक्की बघा, सीझनप्रमाणे बदलतात आणि प्रार्थना, लग्न किंवा अंत्यविधी असेल तर आत फिरू देत नाहीत. ते बरोबरच आहे, ती वापरातली चर्च आहेत.

आता विटाच का? ही दोन्ही गावं ज्या झीलंड बेटावर आहेत तिथे बांधकामाला सोयीचा दगड फार नाही, शेतात मिळणारे ग्रॅनाईटचे गोटे आणि काही ठिकाणी चुनखडी, बस. पण हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती आणि जंगलातलं लाकूड भरपूर. 1160 च्या सुमारास पहिल्या वाल्डेमार राजाच्या काळात वीट भाजायचं तंत्र इथे आलं, इटलीच्या लोम्बार्डीतून उत्तर जर्मनीमार्गे आलं असं मानतात, आणि मग मोठमोठी चर्च विटांत उभी राहायला लागली. रिंगस्टेडचं सेंट बेंट्स चर्च बेनेडिक्टाईन पंथाच्या मंकांचं, 1170 साली इथेच वाल्डेमारच्या वडिलांना, क्नुड लावार्डला, संत म्हणून जाहीर केलं आणि त्याच सोहळ्यात राजाच्या लहान मुलाला मुकुट घातला. वाल्डेमार स्वतःही इथेच पुरलाय, आणि मला सगळ्यात भारी वाटते ती त्याच्या थडग्यात सापडलेली शिशाची पट्टी, तिच्यावर त्याच्या कामगिरीत चक्क लिहिलंय की डानेविर्कची (त्या काळच्या डेन्मार्कच्या दक्षिण सीमेवरची) तटबंदी भाजलेल्या विटांची त्यानेच पहिल्यांदा बांधली. विटा राजाच्या थडग्यात नोंदवण्याएवढी मोठी गोष्ट होती तेव्हा!

भिंतीजवळ गेलात की घाई करू नका. हातभर अंतरावर उभे राहा आणि आधी आकार बघा. या विटांना तिथे मुंकेस्टेन म्हणतात, साधारण 28 सेंटिमीटर लांब, 13 रुंद आणि 8-9 जाड, आजची डॅनिश वीट फक्त 22.8 बाय 10.8 बाय 5.4 ची आहे, म्हणजे फरक नुसत्या नजरेनेही कळतो. मग थर बघा, बऱ्याच ठिकाणी दोन विटा लांबीने आणि एक तोंडाने अशी रचना मिळेल. काही जुन्या विटांवर तिरक्या बारीक रेघा असतात, घडीव दगडासारखं दिसावं म्हणून छिन्नीने काढलेल्या, त्या दिसायला ऊन तिरकं हवं, भर दुपारी जाऊ नका. डिसेंबरमध्ये मात्र चारच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा लवकर निघा. आणि लक्षात ठेवा की अशा इमारतींची वेळोवेळी दुरुस्ती झालेली असते, त्यामुळे एकदम गुळगुळीत, एकसारखी वीट दिसली की ती बहुतेक नंतरची.

सोरोला सिस्टर्सियन पंथाचे मंक, 1161 मध्ये बिशप अब्सालोनने त्यांना आणलं. या पंथाला भपका नको, म्हणून चर्चला मोठा मनोरा नाही, छतावर छोटीशी शिखरी फक्त. मला हे चर्च रिंगस्टेडपेक्षा जास्त आवडतं कारण विटेचं काम इथे शांतपणे बघता येतं. अब्सालोन मुख्य वेदीच्या मागे पुरलाय. बाहेर मठाचा जुना विटांचा दरवाजा अजून उभा आहे, तो चुकवू नका.

एवढं बघून झालं की भट्टीचा खड्डा बोलायला लागतो. कुठली भट्टी बघता येते ते मात्र आधी तिथे विचारून घ्या. डेन्मार्कमध्ये उत्खननात सापडलेल्या अशा भट्ट्यांचा सहसा खालचा भागच उरलेला असतो. आयताकृती जागा, तळाशी जाळ घालायचे लांब बोळ आणि बोळांमधे ओट्यासारख्या बुटक्या भिंती. आधी बोळांची तोंडं शोधा, तिथून लाकूड आत सारायचे. कच्च्या विटा वर फटी ठेवून रचायच्या म्हणजे धग सगळीकडे फिरते, मग कित्येक दिवस जाळ चालू आणि नंतर सावकाश थंड होऊ द्यायचं, घाईने उघडली तर विटा तडकतात. आपल्याकडची वीटभट्टी जवळून बघितली असेल तर हे सगळं लगेच कळेल. जाळाच्या अगदी जवळच्या विटांची खंगर व्हायची, काळपट आणि काचेसारखी चमक आलेली, तसे तुकडे दिसतात का बघा. विटांचा रंग मातीवर ठरतो, लोह असेल तर लाल, चुना जास्त असेल तर पिवळट.

माती शरद ऋतूत खणायची, हिवाळाभर गोठू द्यायची म्हणजे ती मऊ फुटते, मग उन्हाळ्यात साच्यात घालून वाळवायची. वाळत घातलेल्या विटांवरून कुत्री जायची, पोरं जायची, त्यामुळे पंजे, बोटं, गवताचे ठसे असलेल्या विटा मिळतात. म्युझियममध्ये असतील तर त्या आवर्जून बघा, मी तरी त्यांच्यासमोर बराच वेळ थांबतो.

भट्टीच्या भिंतींवर चढू नका, आठशे वर्षांची भाजलेली माती पायाखाली सहज चुरते. तुकडा खिशात घालू नका, संरक्षित जागेत उकरणं, मेटल डिटेक्टर फिरवणं कायद्याने बंद आहे. फोटोत मोजपट्टी किंवा निदान हात ठेवा म्हणजे विटेचा आकार नंतर कळतो. रेनकोट बरोबर ठेवा. आणि अजून एक दिवस असेल तर कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा, रिंगस्टेडच्या थडग्यातून निघालेला दुसऱ्या वाल्डेमारची राणी डागमार हिचा क्रॉस तिथे आहे.