रबरावर डिझाइन उतरेना, तेव्हा

हाताने शिक्का कोरायचा तर आधी डिझाइन रबराच्या ठोकळ्यावर उतरवावं लागतं. त्यात माझं पहिल्यांदा चुकलं ते प्रिंटरमध्येच. इंकजेटचा प्रिंट ठोकळ्यावर पालथा ठेवला, मागून अ‍ॅसिटोन लावून चोळला, पण उमटला तो नुसता फिकट डाग. इंकजेटची शाई कागदात मुरते. लेझरचा टोनर मात्र प्लॅस्टिकची बारीक पूड असते. ती कागदाच्या वर बसते, अ‍ॅसिटोनने मऊ होते आणि ठोकळ्याला चिकटते. झेरॉक्सही याच कारणाने चालते.

लेझर प्रिंट घेतला, तरी दुसऱ्या वेळी सगळ्या रेषा पसरल्या. कापूस निथळत होता, हे कारण. आता कापूस पिळून जेमतेम ओलसर ठेवते, कागदाची एक कड टेपने पक्की करते आणि चमच्याच्या पाठीने एकाच दिशेने दाबत जाते. मग उरलेला कोपरा अलगद उचलून बघायचं. रेष पुसट असेल तर कागद परत तसाच खाली टेकवता येतो. टेपचा खरा फायदा हाच. खिडकी उघडी हवीच, वास डोक्यात जातो.

खोडरबरासारख्या मऊ व्हिनाइलवर मात्र अ‍ॅसिटोन नको. माझ्या ठोकळ्याचा पृष्ठभाग चिकट झाला, कोरताना कडा फाटल्या. त्यावर ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने गिरवून, पालथं घालून नखाने घासलं की पुरतं. रेष इतकी स्वच्छ उतरते की मला हीच पद्धत जास्त आवडते.

आणि अक्षरं उलटी करून छापू नका. सुलट छापलेली अक्षरं ठोकळ्यावर उलटी येतात आणि शिक्क्यातून पुन्हा सुलट उमटतात.